राष्ट्रीय सभेचे पुणेरी यजमान

समारंभाची शोभा मंडपावरून ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. १८८५ सालच्या योजकांचा विचार मात्र याहून खोल होता. राष्ट्रीय सभेचें पहिलें अधिवेशन त्या वर्षीं नाताळांत पुण्यास भरावयाचें होतें. पर्वतीजवळच्या हिराबागेंत बैठक व निवास या दोहोंची व्यवस्था सार्वजनिक सभेनें करावयाची होती. प्रतिनिधी शहरांत विखुरले, तर ओळख बैठकीपुरतीच राहील; आठवडाभर एकत्र राहिले, तर मद्रासचा वकील व बंगालचा संपादक यांचा स्नेह जडेल, हा त्यांतील हेतु. स्टेशनावर उतरल्यापासून परत गाडींत बसेपर्यंत वाहन, बिऱ्हाड, भोजन हा सारा भार यजमानांचा.

सर्व सिद्धता झाली आणि शहरांत पटकीचे संशयित रोगी आढळले. यजमानपदाचा मान राखावा कीं पाहुण्यांचा जीव? अधिवेशन मुंबईस हलविण्यांत आलें. तेथें गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजांत २८ डिसेंबर रोजीं ७२ प्रतिनिधी जमले. व्योमेशचंद्र बॅनर्जी अध्यक्ष झाले.

पुण्यास तो मान १८९५ सालीं, सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या अध्यक्षतेखालीं लाभला. परंतु या वेळीं मंडपच वादाचा विषय झाला. सामाजिक परिषद त्याच मंडपांत भरावी कीं नाहीं, यावरून शहरांत दोन तट पडले. अखेर न्यायमूर्ति रानड्यांनीं परिषद निराळ्या जागीं भरविण्याचें मान्य केलें, आणि परप्रांतीय पाहुण्यांसमोर घरचा तंटा वाढला नाहीं.

दोन्ही प्रसंगीं यजमानांस जागेचा आग्रह सोडावा लागला. अतिथिधर्माची खरी कसोटी तीच होती.