हलगी, भीमगीत आणि कान तुटलेला कप

आंबेडकरी जलशांचा इतिहास सांगताना आपण शाहिरांची नावं घेतो. भीमराव कर्डकांचं घेतो, वामनदादांचं घेतो. घ्यायलाच पाहिजेत. पण ढोलकीवर कोण होतं? झांज कुणी धरली? कोरसात उभं राहून कुणाचा घसा फुटला? ते कुठं लिहिलेलं सापडत नाही. मी स्वतः पेटीवाला, म्हणून मला हे जास्त खुपतं.

माझा दोस्त हलगीवाला होता. ढोलकीही वाजवायचा. त्याला जाऊन तीन पावसाळे झाले. नाव छापू नका, असं त्याच्या पोरानं हात जोडून सांगितलंय. पोरगं शहरात भाड्याच्या खोलीत राहतं. मालकाला अजून जात कळलेली नाही. त्यावरनं काय ते समजून घ्या.

आमचं गाव तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. लातूर वेगळा झाला १९८२ साली. ओढ्याच्या अलीकडं बौद्धवाडा, पलीकडं मांगवाडा. त्याचा बाप गावाची हलगी वाजवायचा. पोळ्याला, वरातीला, लक्ष्मीच्या जत्रेला, मयतीला. वरातीत हलगी सगळ्यांच्या पुढं, तिच्या मागं नवरदेव. आणि पंगत बसली की हलगीवाला लांब उकिरड्याच्या अंगाला. उरलंसुरलं पदरात घ्यायचं आणि घरी जायचं. वाजवणार नाही म्हणायची सोय नव्हती.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली. आमच्या आज्यानं तराळकी सोडली, बापानं देव ओढ्यात सोडले. हे मी छाती काढून सांगतो. पुढचं सांगताना जीभ अडखळते. आम्ही महारकी सोडली, पण मांगाला मांगच ठेवलं. १४ एप्रिलच्या मिरवणुकीला हलगी मांगवाड्यातूनच बोलवायचो, आणि मिरवणूक संपली की त्यांना जेवायला वाड्याच्या टोकाला वेगळं बसवायचो. बाबासाहेबांच्या फोटोच्या नजरेसमोर!

माझ्या घरी एक कप होता. कान तुटलेला. तो त्याच्यासाठी. आई चूलीमागच्या कोनाड्यात ठेवायची. बाजारच्या गावच्या हॉटेलात आम्हाला वेगळा कप मिळायचा म्हणून आम्ही पोरं भांडायला जायचो, त्यात तोही असायचा. तिकडनं घरी आलं की आई त्याला त्या कपात चहा द्यायची. तो निमूट प्यायचा, धुऊन पालथा ठेवायचा. मी बघायचो. एकदाही बोललो नाही. किती वर्षं? सात-आठ तरी.

त्याच्या हाताचं मात्र सांगायलाच पाहिजे. वाजवायच्या आधी तो कडब्याच्या चार काड्या पेटवून त्यावर हलगी धरायचा. चामडं तापलं की बोटानं टिचकी मारून कान लावायचा. पुन्हा शेकायचा. पावसाळी हवेत चामडं मऊ पडतं, तेव्हा दर गाण्यामागं शेकावं लागायचं. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. टिपरू चाल धरणार, काडी तिच्या मधल्या फटी भरणार. ढोलकीचंही त्याला तेवढंच कळायचं. दोऱ्या ओढून शाईची बाजू माझ्या पेटीच्या काळी पाचला अशी जुळवायचा की मी पहिली पट्टी दाबली की अंगावर काटा यायचा. ओळीच्या शेवटी शाहीर दम घ्यायला थांबला की लोकांना ते कळू द्यायचं नाही, तेवढ्यात ढोलकी बोलली पाहिजे. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

आमच्या गायनपार्टीत तो यायला लागला तेव्हा वाड्यातला एक म्हातारा म्हणाला, "वाजवायला येऊ दे, बैठकीत नगं." त्याही वेळी मी गप्प.

मग १९७८ आलं. २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. घरं जळाली, माणसं गावं सोडून पळाली. आमच्या वाड्याकडं लोक येणार अशी आवई उठली तशी आई, मी आणि धाकटी बहीण अंधारात ओढा ओलांडून त्याच्या घरी गेलो. दोन रात्री तिथं होतो. त्याच्या मायनं भाकरी आणि ठेचा दिला, जर्मनच्या एकाच पेल्यात सगळ्यांना पाणी. आई प्यायली. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

नंतर बातमी आली, नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना मारलं. ४ ऑगस्टला. पोचिराम मातंग होते आणि जयभीमवाले होते. दोस्त बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गड्या, मारणाऱ्याला कळलं बग आपण एक हाव म्हून. तुमच्या वाड्याला कवा कळंल?"

त्या दिवाळीनंतर त्यानं गावकीची हलगी बंद केली. पाटलाच्या घरचं लग्न होतं, सांगावा आला, गेला नाही. आठ दिवस मांगवाड्याला कामावर कुणी बोलावलं नाही. आमच्यातले शिकलेले म्हणाले, हलगी जाळून टाक, गुलामीची खूण आहे. मीही तसंच म्हणालो. तो चिडला. "तुमी ढोर वढायचं सोडलं, लई चांगलं केलं. म्या हलगी सोडू? चामड्याचा काय गुन्हा हाय रं? बोलावणं सोडलं म्या, बास!" आणि त्यानं स्टेजवर भीमगीताच्या सुरुवातीला हलगी आणली. जी पाटलाच्या वरातीत वाजायची तीच. सोळा-सतरा वर्षं आम्ही फिरलो. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, त्या रात्री त्यानं वाजवताना काडी मोडली तरी थांबला नाही, बोटांनी वाजवलं. पोस्टरवर मात्र शाहिराचं नाव, खाली 'आणि पार्टी'. त्या 'आणि पार्टी'त तो होता.

मुक्ता साळवे या मातंग मुलीनं १८५५ साली 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला, तो मांगांच्या आणि महारांच्या, दोघांच्याही दुःखाविषयी. ती फुल्यांच्या शाळेतली. अण्णाभाऊंनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. मातंगांकडून हात आला होता, आधीपासून आला होता. आता १ ऑगस्ट २०२४ ला सुप्रीम कोर्टानं अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाची मुभा राज्यांना दिल्यापासून आपली पोरं एकमेकांवर तुटून पडताहेत. बाजू कुठलीही घ्या. पण मातंगांना फुटीर म्हणण्याआधी आपापल्या घरातला कोनाडा बघून या.

कपाचं राहिलं. त्या दोन रात्रींनंतर घरी आलो, तर कोनाड्यात कप नव्हता. आईनं फोडला की टाकला, मी विचारलं नाही. त्यानंही विचारलं नाही. पुढच्या खेपेला आईनं त्याला माझ्या कपात चहा दिला, तेव्हा तो धुवायला उठला. आई म्हणाली, "बस रं बाबा." तो बसला.

त्याच्या मयतीला हलगी वाजली नाही. वाजवणारा तोच होता. मागं महिन्यानं मी पोराकडं हलगी मागितली, पार्टीच्या खोलीत टांगू म्हणून. "काका, टांगायला देत न्हाई," म्हणाला. "वाजवणारं कुणी असंल तर सांगा."

तुमच्या गावात असेल कुणी तर कळवा. आणि 'आणि पार्टी'तली जी नावं आठवतात ती गावासकट लिहून पाठवा. मी माझ्या दोस्ताचं नाव लिहिलेलं नाही, मागायचा हक्क मला नाही. तरी मागतो.