लॅपटॉपमधील ग्राफिक्स कार्डाची मंदगती व तिचे निदान : एक ऐतिहासिक आढावा (२००० ते २०२१)

प्रास्ताविक

संगणकाचा इतिहास बहुधा नव्या शोधांचा व वाढत्या वेगाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. यंत्र मंदावल्यानंतर ते का मंदावले, हे शोधून काढण्याच्या रीतीलाही इतिहास असतो. मात्र त्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. गेमिंग लॅपटॉप हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण होय. खेळ सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे चित्र सुरळीत चालते, नंतर ते अडखळू लागते, ही या यंत्राविषयीची नेहमीची तक्रार आहे. अशा वेळी ‘कार्ड गेले’ असे सांगून अनेकदा विषय संपविला जातो. लॅपटॉपमधील ग्राफिक्स चिप बहुधा मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असल्यामुळे हे निदान चुकले तर संपूर्ण मदरबोर्ड बदलण्याचा भुर्दंड ग्राहकावर पडतो. प्रस्तुत लेखात २००० ते २०२१ या कालखंडातील काही नोंदलेल्या घटनांच्या आधारे या निदानपद्धतीचा विकास मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

पार्श्वभूमी

१९९३ मध्ये स्थापन झालेल्या एनव्हिडिया या अमेरिकन कंपनीने १९९९ मध्ये ‘जीफोर्स २५६’ ही चिप बाजारात आणली व तिची जाहिरात जगातील पहिला ‘जीपीयू’ अशी केली. त्यापाठोपाठ नोव्हेंबर २००० मध्ये लॅपटॉपसाठीची ‘जीफोर्स २ गो’ ही चिप आली. टेबलावरील संगणकात मोठे कॅबिनेट, स्वतंत्र पंखे व भरपूर वीज उपलब्ध असते. लॅपटॉपमध्ये मात्र मुख्य प्रोसेसर व ग्राफिक्स चिप यांना एकाच चार्जरची वीज आणि अनेकदा उष्णता वाहून नेणाऱ्या त्याच तांब्याच्या नळ्या वाटून घ्याव्या लागतात.

याच सुमारास आणखी एक मूलभूत बदल घडत होता. ट्रान्झिस्टर जसजसे लहान होतील तसतशी त्यांना लागणारी वीजही कमी होईल व चिपच्या दर चौरस मिलिमीटरमागील उष्णता वाढणार नाही, असे सूत्र आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडले होते. २००५ च्या सुमारास हे सूत्र व्यवहारात लागू पडेनासे झाले. उष्णता हीच वेगाची खरी मर्यादा ठरू लागली. ठरावीक तापमान गाठताच चिपने स्वतःचा वेग कमी करावा, अशी योजना अपरिहार्य झाली. परिणामी ‘मंद चालणे’ आणि ‘बिघडणे’ या दोन भिन्न गोष्टी झाल्या. ग्राहकाला मात्र त्या सारख्याच दिसत राहिल्या.

निदानाच्या इतिहासातील टप्पे

१. आज्ञावलीची उलटतपासणी (२००१ ते २००३) : ‘क्वेक ३’ हा खेळ त्या काळी कार्डाचा वेग मोजण्याचे प्रमाण मानला जाई. २००१ मध्ये परीक्षकांनी त्याच्या फाइलमधील ‘क्वेक’ हे नाव बदलून ‘क्वॅक’ केले. एटीआय कंपनीच्या नव्या कार्डावर तत्काळ वेग घटला व चित्राचा दर्जा सुधारला. ड्रायव्हर खेळाचे नाव ओळखून दर्जा कमी करीत असल्याचे त्यातून उघड झाले. २००३ मध्ये ‘थ्रीडीमार्क ०३’ या चाचणीवरून एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवरही असेच आक्षेप घेतले गेले. एकच गोष्ट बदलावी, बाकी सर्व तशीच ठेवावी आणि फरक पाहावा, ही रीत या प्रकरणांनी रूढ केली.

२. पदार्थांचा दोष (२००८) : जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधील काही चिपांच्या दुरुस्तीसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. चिप व तिचे आवरण यांतील पदार्थांचा संयोग कमकुवत असल्याचे कंपनीने मान्य केले; तथापि लॅपटॉपमधील उष्णतेची व्यवस्था व ग्राहकांची वापरण्याची पद्धत यांचाही कारणांत उल्लेख केला. वारंवार तापणे व थंड होणे यांमुळे सांधे निकामी होत होते. काही लॅपटॉप उत्पादकांनी पंखा अधिक वेळ फिरावा यासाठी बायोसमध्ये बदल पुरविले. हा उपाय दोष लांबविणारा होता, नाहीसा करणारा नव्हे. पुढे अमेरिकेत सामूहिक दावा होऊन २०१० मध्ये तडजोड झाली. ‘कार्ड गेले’ हे निदान येथे खरे होते, ही बाब नोंदविणे आवश्यक आहे.

३. दोन चिपांचा घोटाळा (२००६ ते २०१०) : बॅटरी वाचविण्यासाठी एकाच लॅपटॉपमध्ये कमी व अधिक शक्तीच्या दोन ग्राफिक्स चिपा बसविण्याची प्रथा सुरू झाली. सोनीच्या २००६ मधील एका मालिकेत त्यासाठी बटण होते. २०१० मध्ये एनव्हिडियाच्या ‘ऑप्टिमस’ तंत्राने ही निवड आपोआप होऊ लागली. निवड चुकली तर महागडी चिप स्वस्थ बसते व खेळ साध्या चिपवर रखडत चालतो. हा दोष सेटिंग बदलून विनाखर्च दूर होतो. पण तो ओळखता आला पाहिजे.

४. सरासरीची मर्यादा (२०११ ते २०१३) : २०११ मध्ये ‘द टेक रिपोर्ट’चे स्कॉट वॉसन यांनी सेकंदातील सरासरी फ्रेमऐवजी प्रत्येक फ्रेमला लागणारा काळ मोजण्याचा आग्रह धरला. समजा, एका सेकंदात ५० फ्रेम प्रत्येकी १० मिलिसेकंदांत उमटल्या आणि ५१ व्या फ्रेमला ५०० मिलिसेकंद लागले. सरासरी ५१ फ्रेम, म्हणजे समाधानकारक. प्रत्यक्षात चित्र अर्धा सेकंद गोठलेले. या पद्धतीमुळे जोडकार्डांतील अनियमितता उघड झाली व २०१३ मध्ये एएमडीला सुधारित ड्रायव्हर द्यावा लागला. ग्राहकांची तक्रार हा भास नव्हता, हे आकड्यांनी सिद्ध झाले.

५. नावाची विश्वसनीयता (२०१६ ते २०२१) : २०१६ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपच्या चिपांपुढील ‘एम’ हे अक्षर काढून टाकले. २०१७ मध्ये पातळ यंत्रांसाठी ‘मॅक्स-क्यू’ योजना आली. ‘जीटीएक्स १०८०’ या टेबलावरील कार्डाची वीजमर्यादा १८० वॅट, तर त्याच्या मॅक्स-क्यू रूपाची ९० ते ११० वॅट होती. २०२१ मधील ‘आरटीएक्स ३०८०’ या नावाच्या लॅपटॉप चिपची मूळ मर्यादा उत्पादकानुसार ८० पासून १५० वॅटपर्यंत असू शकत होती. टेबलावरील त्याच क्रमांकाच्या कार्डात ८७०४ गणनकेंद्रे, तर लॅपटॉपमध्ये ६१४४ होती. टीका झाल्यानंतर वीज व वेग यांचे आकडे विक्रीच्या माहितीत देण्याची सूचना लॅपटॉप उत्पादकांना करण्यात आली. अशा प्रकरणांत काहीच बिघडलेले नसते. अपेक्षाच अपुऱ्या माहितीवर उभी असते.

निदानाचा क्रम

वरील टप्प्यांतून एक व्यवहार्य क्रम हाती येतो. प्रथम लॅपटॉप मूळ चार्जरवर चालत आहे ना व खेळ योग्य चिपवर सुरू आहे ना, हे पाहावे. त्यानंतर सुमारे अर्धा तास तापमान, वीजवापर व वेग यांची एकत्र नोंद घ्यावी. तापमान चढून वेग घसरत असेल, तर धूळ, पंखा व थर्मल पेस्ट यांकडे वळावे. तापमान कमी असूनही वीज एका आकड्यावर अडकत असेल, तर चार्जर, ऊर्जेची सेटिंग किंवा उत्पादकाची मर्यादा हे कारण संभवते. दोन्ही ठीक असतील, तर मुख्य प्रोसेसर, मेमरी वा ड्रायव्हर तपासावा. एका वेळी एकच बदल करावा. स्थानिक हवामानही विसरून चालणार नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. २५ अंशांच्या खोलीच्या तुलनेत तेथे चिपला मर्यादा गाठेपर्यंत सुमारे २० अंशांची सवलत कमी मिळते.

निष्कर्ष

१. ग्राफिक्स कार्डाची मंदगती हा नेहमीच चिपचा दोष नसतो. उष्णता, वीज, आज्ञावली व नामकरण ही चारही कारणे इतिहासात नोंदलेली आहेत.

२. यांतील अनेक दोष स्वतंत्र परीक्षकांच्या मोजमापामुळे उजेडात आले. उत्पादकांचे खुलासे बहुधा त्यानंतर आले.

३. महाविद्यालयीन खरेदीच्या दरपत्रकात केवळ कार्डाचे नाव मागविणे पुरेसे नाही. वीजमर्यादेचा आकडाही मागवावा.

इतिहासाच्या अभ्यासकाला साधनचिकित्सा नवी नाही. कागदावरील शिक्क्यावर न थांबता कागद तपासावा, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. यंत्रावरील नावालाही तोच नियम लावला, तर निर्दोष यंत्र भंगारात जाणार नाही आणि वापरणाऱ्याच्या माथी विनाकारण दोष येणार नाही.