हर्मिस वर्णपटलेखक

हर्मिस वर्णपटलेखक : ऑस्ट्रेलियातील सायडिंग स्प्रिंग येथील ३.९ मीटर व्यासाच्या अँग्लो-ऑस्ट्रेलियन दूरदर्शकासाठी तयार केलेले, एकाच वेळी शेकडो ताऱ्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण करून त्यांतील मूलद्रव्यांचे प्रमाण ठरविण्यास साहाय्य करणारे उपकरण. एकाच मेघातून जन्मलेल्या ताऱ्यांची रासायनिक घडण सारखी असते, आणि तारकागुच्छ विस्कटून ते आकाशगंगेत पांगले तरी ती खूण बव्हंशी टिकते. तेव्हा तिच्या आधारे ही दुरावलेली भावंडे पुन्हा ओळखता यावीत, असा विचार केनेथ फ्रीमन व जॉस ब्लँड-हॉथॉर्न यांनी २००२ मध्ये मांडला, आणि त्याचीच पडताळणी व्हावी म्हणून या उपकरणाची तजवीज झाली. २०१३ च्या अखेरीस ते सेवेत दाखल झाले.

दूरदर्शकाच्या प्रधान नाभीपाशी दोन अंश रुंदीचे आकाशक्षेत्र मिळते. तेथे यांत्रिक हात सुमारे ४०० प्रकाशतंतूंची टोके चुंबकाच्या योगे धातूच्या तबकडीवर, एकेका ताऱ्याच्या प्रतिमेच्या जागी बसवितो. एका तबकडीवर वेध चालू असता दुसरीची मांडणी होत असल्यामुळे रात्रीचा अमूल्य वेळ वाया जात नाही. तंतूंतून आलेला प्रकाश द्विवर्णी आरशांनी चार वाटांत विभागला जातो व स्वतंत्र विवर्तन जालकांवरून चार सीसीडी कॅमेऱ्यांवर पडतो. ४,७१३ ते ७,८८७ अँगस्ट्रॉम या विस्तारातून निवडलेले हे चार पट्टे मिळून १,००० अँगस्ट्रॉमही भरत नाहीत, हे प्रथमदर्शनी तोकडे वाटेल. परंतु सुमारे २८,००० विभेदनक्षमता राखून इतके वर्णपट एकदम टिपावयाचे, तर सबंध वर्णपटाचा लोभ सोडून उपयुक्त रेषांनी समृद्ध असलेले भागच घ्यावेत, हा निर्णय अत्यंत विवेकाचा होता.

वर्णरेषेच्या तीव्रतेवरून मूलद्रव्याचे प्रमाण थेट वाचता येत नाही. तपमान व दाब यांनुसार अणूंचे आयनीभवन कसे बदलते, हे मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये समीकरणाने दाखविल्यावरच हा मार्ग मोकळा झाला. आजच्या हिशेबात स्थानिक ऊष्मागतिक समतोलापासूनचे विचलनही जमेस धरावे लागते, आणि त्याची कसोटी ज्यांचे मूळ एकच असल्याची खात्री आहे अशा गुच्छांवरच लागते : कर्क राशीतील सुमारे ४ अब्ज वर्षे वयाच्या एम ६७ गुच्छात ही दुरुस्ती करताच ताऱ्यांच्या तपमानानुसार दिसणारा बराचसा भासमान फरक मावळला, व उरलेला फरक ताऱ्याच्या बाह्य थरांतील मूलद्रव्यांच्या संथ विसरणाशी जुळला.

या उपकरणावर आधारलेल्या गॅला सर्वेक्षणाच्या दप्तरात २०२४ पर्यंत नऊ लाखांहून अधिक तारे नोंदले गेले. तथापि परक्या ताऱ्यांची घडणही पुष्कळदा इतकी सारखी निघते की, विस्कटलेला गुच्छ हुडकताना रासायनिक पुराव्यास गाया अवकाशयानाने मोजलेल्या गतींची जोड द्यावी लागते.