नियमावलीविना संघटन : पालघरची तरुण मंडळे आणि आंतरराष्ट्रीय युवा पर्यावरण जाळे

प्रास्ताविक

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हवामान-बदलाच्या प्रश्नावर युवकांच्या ज्या आंतरराष्ट्रीय संघटना उभ्या राहिल्या, त्यांची घडण अपूर्व असल्याचे सांगण्याचा प्रघात पडला आहे. या संघटनांना अध्यक्ष नाही, सभासदांची नोंदवही नाही, लिखित घटना असलीच तर नाममात्र. आणि तरीही १५ मार्च २०१९ रोजी शंभराहून अधिक देशांत एकाच दिवशी विद्यार्थी वर्गाबाहेर पडले. या किमयेचे श्रेय बहुधा मोबाइल दूरध्वनीला आणि समाजमाध्यमांना दिले जाते.

इतिहासाच्या दृष्टीने हे स्पष्टीकरण अपुरे ठरते. विरारहून उत्तरेस वैतरणा ओलांडली की पालघर तालुका लागतो. त्या तालुक्याच्या पूर्वेकडील आदिवासी भागात १९७० च्या दशकात तरुणांनी याच स्वरूपाची संघटना चालविली होती. त्या वेळी भारतात मोबाइल दूरध्वनी येण्यास दोन दशकांचा अवकाश होता. जमीन, जंगल आणि मजुरी हे तिचे प्रश्न होते. पर्यावरण हा शब्द तिच्या व्यवहारात नसला, तरी निसर्गसंपत्तीवर हक्क कोणाचा हाच तिच्या लढ्याचा गाभा होता. या दोन संघटनांची घडण शेजारी ठेवून पाहिली असता एक प्रश्न स्पष्ट होतो : ज्या संघटनेत अधिकारपदे नसतात, तिच्या वतीने बोलणारा माणूस उत्तर कोणाला देतो?

जाळ्याची घडण

आंतरराष्ट्रीय युवा जाळ्यांचे दोन ठळक प्रकार दिसतात. पहिल्याचे उदाहरण म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-बदल परिषदेतील 'यंगो' हा युवकांचा गट. परिषदेच्या सचिवालयाने त्यास २००९ मध्ये तात्पुरती आणि २०११ मध्ये पूर्ण मान्यता दिली. त्याआधी २००५ मध्ये माँट्रियल येथील परिषदेच्या वेळी युवकांचे पहिले स्वतंत्र संमेलन भरले होते व पुढे तो पायंडा पडला. यंगोमध्ये विकसित देशांकडून एक आणि विकसनशील देशांकडून एक असे दोन संपर्क-प्रतिनिधी ठरावीक मुदतीसाठी निवडले जातात, विषयवार कार्यगट काम पाहतात आणि निर्णय शक्यतो सहमतीने घेतले जातात. वयाची मर्यादा पस्तीस वर्षांची आहे. ही घडण मुख्यतः सचिवालयाच्या गरजेतून आलेली आहे हे विसरता कामा नये. परिषदेत युवकांना बोलण्यासाठी जी मोजकी मिनिटे मिळतात, ती कोणाला द्यावयाची हे सचिवालयास कोणाला तरी विचारावे लागते. संपर्क-प्रतिनिधीचे पद त्या विचारण्यासाठी आहे.

दुसरा प्रकार 'फ्रायडेज फॉर फ्यूचर'चा. २० ऑगस्ट २०१८ रोजी स्टॉकहोम येथे स्वीडिश संसदेसमोर एका शाळकरी मुलीने आरंभिलेल्या धरण्यातून हे जाळे पसरले. त्यात सामील होण्यासाठी अर्ज करावा लागत नाही. एखाद्या शहरातील काही विद्यार्थी शुक्रवारी फलक घेऊन बसले की तेथील शाखा अस्तित्वात येते. ऑगस्ट २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ३८ देशांतील चारशेहून अधिक युवक एकत्र आले व त्यांनी एक जाहीरनामा तयार केला. अमेरिका व युरोपबाहेरील गटांचा आवाज दबतो, ही तक्रार त्यानंतर वाढत गेली आणि हवामान-बदलाची झळ सर्वाधिक सोसणाऱ्या प्रदेशांतील गटांनी २०२० पासून आपली स्वतंत्र ओळख पुढे आणली. नियमावलीच्या अभावी सर्व समान राहतात ही समजूत येथे खोटी ठरली. ज्याला इंग्रजी येते, ज्याच्याकडे वेळ आहे आणि ज्याच्या देशाचे पारपत्र सहज चालते, त्याचेच म्हणणे न निवडताही 'सर्वांचे' म्हणणे होऊन बसते.

जंगलपट्टीतील तरुण मंडळे

तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील आदिवासी चळवळीस १९४५ ते १९४७ मधील वारल्यांच्या उठावाची पार्श्वभूमी आहे. गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने वेठबिगारीविरुद्ध व गवतकापणीच्या दरासाठी तो लढविला. त्या उठावाला पक्षाची शिस्तबद्ध बांधणी होती. भूमिसेनेची कथा नेमकी तेथून वेगळी होते.

ऑगस्ट १९७० मध्ये समाजवादी व साम्यवादी पक्षांनी देशभर भूमिमुक्तीचा सत्याग्रह पुकारला. पालघर तालुक्यातून त्यात सामील झालेल्या आदिवासी तरुणांत काळूराम धोदडे होते. सत्याग्रह पार पडला, अटक झाली, सुटकाही झाली. मात्र जमीन सावकाराच्याच ताब्यात राहिली. पक्षाच्या लेखी कार्यक्रम पूर्ण झाला होता, आदिवासींच्या लेखी त्यास आरंभही झाला नव्हता. या अनुभवातून त्या तरुणांनी आपली स्वतंत्र संघटना उभारली व तिला भूमिसेना हे नाव दिले. प्रथम बळकावलेल्या जमिनींवरील उभे पीक कापून नेण्याचा मार्ग त्यांनी अवलंबिला.

पुढचा टप्पा अधिक बोधप्रद आहे. बाहेरील हितचिंतकांनी शेतीविकासाची योजना आणली. तिच्यासोबत बँकेचे कर्ज आले, हिशेब आले आणि ते समजणारी बाहेरची माणसेही आली. हेतू वाईट नव्हता. परंतु निर्णय कागद वाचू शकणाऱ्यांच्या हाती गेले, लढणारे तरुण योजनेचे लाभार्थी होऊन बसले आणि योजना फसली तेव्हा संघटनाही जवळजवळ बसली. इतिहासलेखनात अशा अपयशाची कारणे बहुधा भ्रष्टाचारात शोधली जातात. येथे ती संघटनेच्या घडणीतच होती.

१९७५ च्या सुमारास संघटना पुन्हा उभी राहिली, ती वेगळ्या पायावर. अनुभवी कार्यकर्त्यांचा एक छोटा गट मध्यवर्ती राहिला, पण त्याला गावावर अधिकार नव्हता. एखाद्या गावाने बोलाविले तरच त्या गटाने जावे, असा संकेत होता. लढा गावानेच करावयाचा आणि लढ्यातून त्या गावात तरुण मंडळ उभे राहावयाचे. मंडळ गावापुरते स्वायत्त असे. ते भूमिसेनेची शाखा नव्हते. किमान वेतनाची मागणी, वेठबिगारांची मुक्तता, रोजगार हमीची कामे सुरू करवून घेणे आणि बळकावलेल्या जमिनी परत मिळविणे हे मंडळांचे कार्य. या काळात कायदेही बदलत होते. आदिवासींच्या जमिनी त्यांना परत करण्याविषयी महाराष्ट्र विधिमंडळाने १९७४ मध्ये कायदे केले, वेठबिगार पद्धती रद्द करणारा केंद्रीय कायदा १९७६ मध्ये आला, रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये. कायदा कागदावर होता. तहसील कचेरीत तो लागू करवून घेण्याचे काम मंडळांच्या चिकाटीने झाले.

बाहेरच्या माणसांना मज्जाव नव्हता. वकील, प्राध्यापक, शहरातील कार्यकर्ते येत व माहिती देत. निर्णयाच्या वेळी मात्र त्यांचे मत मोजले जात नसे. श्रीलंका, भारत व बांगलादेश येथील चार अभ्यासकांनी या संघटनेचा अभ्यास करून १९७९ मध्ये तो स्वीडनमधील एका नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांपैकी अनिसुर रहमान यांनी पुढे सहभागी संशोधनाची जी मांडणी केली, तिच्या मुळाशी जंगलपट्टीचा अनुभव आहे. म्हणजे नेतृत्वविहीन संघटनेविषयी जगभर चालू असलेल्या चर्चेत पालघरचा वाटा आधीच पोचलेला आहे. फक्त पालघरच्या परिसरातच त्याची आठवण क्वचित निघते.

तरुण मंडळात बोलणारा तरुण दुसऱ्या दिवशी त्याच पाड्यावर, त्याच विहिरीवर असे. चुकीचा शब्द दिला तर उत्तर तेथेच द्यावे लागे. त्यामुळे निवडणूक व मुदत यांची उणीव भासली नाही. हाच घटक आंतरराष्ट्रीय जाळ्यात हरवतो : लोझानला किंवा हवामान परिषदेत बोलणाऱ्याची विहीर कोणती, हे सांगता येत नाही. श्रमिक संघटनेच्या चळवळीतून पुढे आलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता, आदिवासींची दुःखे व्यासपीठावरून दुसऱ्यांनीच सांगण्याच्या या प्रकाराविषयी आहे. सोनवणे व धोदडे हे दोघेही पुढे आदिवासी एकता परिषदेत एकत्र आले. चार राज्यांत पसरलेल्या या परिषदेचे संमेलन दरवर्षी जानेवारीच्या मध्यास नव्या ठिकाणी भरते. २०२० मध्ये ते पालघरला झाले.

वसईचा वेगळा मार्ग

विरारच्या दक्षिणेस मात्र अन्य मार्ग दिसतो. वसई-विरार परिसरासाठी १९९० मध्ये सिडकोची नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. त्या सुमारास हरित वसई संरक्षण समितीने बागायती पट्टा, पाणी व बांधकाम या प्रश्नांवर लोकांना संघटित केले. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांचे नेतृत्व, चर्चचा परिसर आणि एक स्थिर नियतकालिक हा तिचा आधार. येथे उत्तरदायित्व एका व्यक्तीच्या नैतिक प्रतिष्ठेवर उभे होते. त्याचे बळ मोठे. पण युवकांना त्यात निर्णयकर्त्याचे स्थान मिळविणे कठीण. तरुणांनी तरुणांसाठी चालविलेली संघटना हवी असेल, तर वयाची मर्यादा घालावी लागते, हे जयप्रकाश नारायण यांनी १९७५ मध्ये स्थापिलेल्या छात्र युवा संघर्ष वाहिनीने ओळखले होते. तिशी ओलांडताच सदस्यत्व संपे. नेते जुने होत नाहीत हा लाभ, आणि अनुभव दरवर्षी दाराबाहेर जातो ही किंमत. पस्तिशीची मर्यादा पाळणारे यंगो आज तीच किंमत मोजत आहे.

आरे आणि त्यानंतर

मुंबईत आंतरराष्ट्रीय जाळ्याची कसोटी आरे वसाहतीत लागली. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने मेट्रोच्या कारशेडविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री वृक्षतोड सुरू झाली. संदेश पोचताच नागरिक व विद्यार्थी तेथे जमले; २९ जणांना अटक झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबविली, तोवर २,१४१ झाडे पडली होती. लोक जमविण्याच्या कामी जाळ्याची गती निर्विवाद सिद्ध झाली. परंतु आरेत आदिवासींचे पाडे आहेत, आणि झाडांचा प्रश्न मांडणारा फलक व पाड्याचा जमीनहक्क मांडणारा फलक एकाच हातात असतीलच असे नाही. कोणती मागणी आधी, हे ठरविणारी बैठक जाळ्याच्या घडणीत नाही. भूमिसेनेत हा प्रश्न उद्भवला नाही, कारण तेथे बैठक होती आणि बाकी काही नव्हते.

जुलै २०२० मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या मसुद्याविरुद्ध पत्रमोहीम चालविणाऱ्या भारतीय गटाचे संकेतस्थळ बंद पडले. दिल्ली पोलिसांनी बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायद्याखाली काढलेली नोटीस नंतर मागे घेतली. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाविषयीच्या एका सामायिक दस्तऐवजावरून बंगळुरूच्या युवा कार्यकर्त्या दिशा रवी यांना अटक झाली व महाराष्ट्रातील दोन तरुणांविरुद्धही कारवाई सुरू झाली. २३ फेब्रुवारीला जामीन देताना दिल्लीच्या सत्र न्यायालयाने निरुपद्रवी दस्तऐवजाचे संपादन हा गुन्हा नसल्याचे नमूद केले. अनेक हातांनी एकाच वेळी लिहिलेला, ज्याचा एकच लेखक दाखविता येत नाही असा कागद ही या जाळ्याची कार्यपद्धतीच होती. कायद्याला मात्र लेखकाचे नाव हवे होते.

तरुण मंडळांनी असा कागदच ठेवला नाही. त्यामुळे जप्त करण्यासारखे काही नव्हते, आणि अभ्यासकांच्या हाती त्यांच्याविषयी जे लिखित आहे त्याचा मोठा भाग बाहेरून आलेल्यांनी लिहिलेला आहे. त्या मंडळांत बसणारे तरुण आता सत्तरीच्या आसपास आहेत. कोणत्या गावाने बोलाविणे धाडले, बैठकीत कोण विरोधात बोलले, स्त्रियांचे म्हणणे केव्हा विचारात घेतले गेले, याची नोंद त्यांच्या स्मरणाखेरीज अन्यत्र नाही. आणि विरार, पालघर व मनोर ही गावे तेथील महाविद्यालयांपासून एका दिवसाच्या प्रवासात आहेत.