झुलत्या आसाची कहाणी

मोटारीची कीर्ती तिच्या वेगावरून होते. परंतु तिची खरी परीक्षा वळणावर होते. सरळ रस्त्यावर आज्ञाधारक वाटणारी गाडी वळणावर एकाएकी मागून घसरते, गर्रकन फिरते, आणि ‘चालकाने वेग आवरला नाही’ असा निर्णय देऊन लोक मोकळे होतात. पुष्कळ वेळा हा निर्णय बरोबरही असतो. तथापि विसाव्या शतकातील काही नामांकित स्पोर्ट्स गाड्यांच्या बाबतीत दोषाचा मोठा वाटा मागच्या चाकांच्या बांधणीचा होता. तो दोष कसा शिरला आणि निघावयास इतकी वर्षे का लागली, हा इतिहास उद्बोधक आहे.

बैलगाडीची दोन्ही चाके एकाच आसाने जोडलेली असतात. एक चाक दगडावर चढले की सारी गाडी कलते. आरंभीच्या मोटारींची मागील चाकेही अशीच एका जड आसाने जखडलेली असत. व्हिएन्नाचे एडमुंड रुम्प्लर यांनी १९०३ साली निराळ्या योजनेचे पेटंट घेतले. आसाचे दोन भाग करावयाचे, त्यांची आतील टोके मधल्या दंतचक्रांच्या पेटीला सांध्याने जोडावयाची, म्हणजे पक्ष्याच्या पंखांप्रमाणे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे खालीवर होईल. हाच झुलता आस. हान्स लेडविंका यांनी १९२३ च्या टाट्रा गाडीत तो वापरला, आणि खडबडीत रस्त्यांवर त्याचे गुण दिसून आले.

परंतु या पंखांतच अवगुण दडलेला होता. पंख खाली झुकला की चाक सरळ उभे राहत नाही. त्याचा तळ गाडीखाली आत सरकतो. जोराच्या वळणावर रस्ता बाहेरच्या चाकाला आत रेटतो, तो रेटा सांध्यापाशी गाडीचा मागचा भाग वर उचलतो, आणि चाक अधिकच तिरपे होते. टायर रस्त्यावर पुरता टेकत नाही, पकड सुटते. अशा वेळी घाबरलेला चालक स्वाभाविकपणे ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो. त्याबरोबर भार पुढे झुकतो, मागचा भाग आणखी उचलला जातो, आणि सावधगिरीची कृतीच संकटाला कारण होते.

शर्यतीच्या मैदानावर हे लवकरच कळून आले. फर्डिनांड पोर्श यांच्या आराखड्याप्रमाणे बनलेल्या १९३४ च्या ऑटो युनियन गाडीत इंजिन चालकाच्या पाठीमागे होते व मागे झुलता आस होता. ती ताब्यात ठेवणे मोठ्या कसबाचे काम होते. मर्सिडीजने १९३७ साली आणि ऑटो युनियनने १९३८ साली शर्यतीच्या गाड्यांतून झुलता आस काढून टाकला. त्याजागी द दिओं पद्धतीचा आस आला. त्यात दंतचक्रांची पेटी गाडीच्या सांगाड्याला टांगलेली असते, आणि दोन्ही चाकांना जोडणारी नळी त्यांना सरळ उभे ठेवते. म्हणजे रोगाचे निदान आणि औषध ही दोन्ही दुसऱ्या महायुद्धापूर्वीच हाती होती.

विक्रीच्या गाड्यांत मात्र झुलता आस टिकून राहिला. १९५४ ची मर्सिडीज ३०० एसएल ही पंखासारख्या दारांची गाडी झुलत्या आसावरच धावे. १९५७ च्या उघड्या आवृत्तीत अभियंत्यांनी सांधा खाली आणला व तोल सावरणारी एक आडवी स्प्रिंग बसविली; गाडीचा स्वभाव पुष्कळ सुधारला. ही झाली धनिकांची गोष्ट.

सामान्य मिळकतीच्या हौशी तरुणासाठी इंग्लंडमध्ये १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर निघाली. १९५९ च्या ट्रायम्फ हेरल्डचे सस्पेन्शन तिला मिळाले होते: एक आडवा पाटा आणि त्याखाली झुलते आस. किंमत त्यामुळे आटोक्यात राहिली. पण मागचा दोषही वारशाने आला. हौशी मालक पाट्याखाली लोखंडी ठोकळा घालून गाडी मागून खाली बसवीत, म्हणजे चाके आधीच थोडी उलट बाजूस कलून राहत. कारखान्याचा उपाय पुढे आला. स्पिटफायरच्या सहा सिलिंडरी भावंडाला, जीटी ६ ला, १९६८ मध्ये चाक सरळ धरणारा खालचा दांडा मिळाला. १९७० च्या स्पिटफायरमध्ये पाट्याचे एकच पान घट्ट आवळून बाकीची पाने मधोमध मोकळी डोलू दिली. त्यामुळे वळणावर मागच्या चाकांना उचलणारा जोर कमी झाला. बदल लहान, साधा आणि स्वस्त होता. तरी त्याला आठ वर्षे लागली.

अमेरिकेत हाच प्रश्न सार्वजनिक वादाचा झाला. १९६० च्या शेव्हरोले कॉर्व्हेअरमध्ये इंजिन मागे व आस झुलता होता. पुढच्या टायरांत १५ आणि मागच्या टायरांत २६ पौंड हवा ठेवावी, एवढ्या सूचनेवर तिची स्थिरता पुष्कळ अंशी अवलंबून होती. १९६४ मध्ये तिला आडवा पाटा मिळाला, १९६५ मध्ये सस्पेन्शनच नवे आले. आणि त्याच वर्षी राल्फ नेडर यांनी आपल्या पुस्तकात जुन्या गाडीवर कडक टीका केली. पुढे १९७२ मध्ये सरकारी तपासणीने ती समकालीन गाड्यांहून अधिक धोकादायक नसल्याचा निष्कर्ष काढला. मात्र अपघातात गाडीच्या रचनेचाही हिशेब मागावा, ही जाणीव त्या वादाने लोकांत रुजविली.

हेरल्डची बांधणी आपल्याकडेही झाली. मद्रासच्या कारखान्यात १९६१ पासून स्टँडर्ड हेरल्ड तयार होऊ लागली. १९७२ साली तिची वारस गॅझेल निघाली, तेव्हा तिला झुलत्या आसाऐवजी पुन्हा अखंड आस बसविला होता.

जेथे हार-जीत लागलेली होती, तेथे दोष चार वर्षांत निघाला. जेथे ग्राहकाचा जीव लागलेला होता, तेथे पिढी लोटली. यंत्रातील दोष चालकाच्या कौशल्यावर सोपविणे सोपे असते; परंतु जो दोष बनविणाऱ्याला ठाऊक आहे, तो दुरुस्त करण्याचे ऋणही त्याच्याच माथी असते.