सलामी आणि हळदीकुंकू

मुलुंड, घाटकोपरच्या चाळींत कोकणातली माणसं पुष्कळ. आमच्या बचत गटांतही माणगाव, महाडकडच्या बाया आहेत. गावी जाताना मुंबई-गोवा रस्त्यावर त्यांना माणगाव लागतं. डोंगराच्या कुशीतलं छोटं शहर. तिथे एका जवानाचा पुतळा आहे, नाईक यशवंत घाडगे यांचा. दरवर्षी त्यांच्या नावाने कार्यक्रम होतो, फौजेचे जवान मानवंदना देतात, माजी सैनिक पदकं लावून येतात.

घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत होते. 10 जुलै 1944 रोजी इटलीत त्यांची तुकडी मशिनगनच्या माऱ्यात सापडली. बरोबरचे सगळे पडले, हे एकटे उभे राहिले. तसेच पुढे धावले, हातगोळा टाकून मशिनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली. बंदुकीत पुन्हा गोळ्या भरायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लपलेल्या शत्रूच्या गोळ्या लागून तिथेच गेले. वय फक्त 22. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, इंग्रज सरकारचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक. 1945 मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी ते दिलं, आणि घेतलं कोणी? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. खेड्यातली तरुण विधवा, समोर व्हाइसरॉय. बाकीची लढाई पाठ असणाऱ्यांनाही ही गोष्ट ठाऊक नसते.

कोकणातले, साताऱ्याचे पोरगे फौजेत का जात? जमीन तुटपुंजी, पाऊस पडेल तेवढंच भात. मग एक भाऊ मुंबईच्या गिरणीत, एक पलटणीत. घर मनीऑर्डरवर चाले, आणि शेत, गुरं, म्हातारी माणसं हे सगळं घरच्या बाईवर. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' असंच म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जवान कामी आले. त्यांचं स्मारक गावात आहे. 46 जवान म्हणजे किती आया, किती बायका, ते मात्र कुठल्या दगडावर कोरलेलं नाही.

आता 14 जानेवारीचं सांगते. भारतीय फौजेचे पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा 1953 साली त्याच तारखेला निवृत्त झाले. म्हणून 2016 पासून तो माजी सैनिकांचा दिवस पाळतात. वीरनारींना व्यासपीठावर बसवतात, शाल-श्रीफळ देतात. आणि तारीख बघा, बहुतेक वर्षी तीच संक्रांत! त्या दिवसापासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू. सकाळी जिला कर्नलसाहेबांनी सलाम केला, तिला संध्याकाळी शेजारीण वाण द्यायला बोलावत नाही. मला हे पटत नाही, आणि मी ते गटाच्या बैठकीत बोलतेही. एक आजी म्हणाल्या, "रीत आहे बाई." रीत बदलता येते. कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यात हेरवाड गावाने मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की नवरा गेल्यावर बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं.

तुमच्या गावात माजी सैनिकाच्या घरची कोणी असेल, तर आधी तिच्याकडे जा. नवऱ्याच्या सेवापुस्तकात तिचं नाव नीट लागलंय का, आधार आणि बँकेतलं नाव तेच आहे का, ते बघा. एका अक्षराच्या फरकाने पेन्शन अडते. जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालय असतं, कागद तिथे दाखवायचे. गटातली एखादी शिकलेली मुलगी सोबत न्या, एकटीला पाठवू नका. आणि परत येताना हळदीकुंकवाची तारीखही तिला सांगून या.