नाकाचे माप आणि माणसाची किंमत



आगीत किंवा स्फोटात मृतदेह ओळखण्यापलीकडे गेला की न्यायवैद्यक तज्ज्ञ कवटीकडे वळतात. नाकाभोवतीच्या हाडांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यांनाच आपण सायनस म्हणतो. बाकीची कवटी फुटली तरी वरच्या जबड्याच्या हाडातला सायनस अनेकदा शाबूत राहतो. सीटी स्कॅनवर त्याची उंची, रुंदी आणि घनफळ मोजतात. पुरुषांत ही मापे सरासरीने मोठी असतात. त्यावरून मृत व्यक्ती स्त्री की पुरुष याचा अंदाज बांधतात.

इथे 'अंदाज' हा शब्द महत्त्वाचा आहे. कित्येक स्त्रियांचा सायनस कित्येक पुरुषांपेक्षा मोठा असतो. एका प्रदेशातल्या लोकांवरून काढलेले सूत्र दुसऱ्या प्रदेशात जसेच्या तसे लागू पडत नाही. कमरेचे हाड हाती लागले तर तज्ज्ञ त्यावर जास्त भरवसा ठेवतात. प्रामाणिक विज्ञान आपली मर्यादा आधी सांगते.

आपल्या देशात मात्र एकेकाळी जिवंत माणसांच्या नाकावर मोजपट्टी लावली गेली, आणि तिने कुठलीच मर्यादा सांगितली नाही. इंग्रज अधिकारी हर्बर्ट रिस्ले याने नाकाची रुंदी भागिले उंची गुणिले 100 असा 'नासिका निर्देशांक' वापरून जाती मोजल्या. 1891 मध्ये त्याचा बंगालच्या जाती-जमातींवरचा ग्रंथ आला. त्याचा दावा असा की नाक जितके रुंद, तितकी जात खालची. हाच रिस्ले 1901 च्या जनगणनेचा आयुक्त झाला आणि त्या जनगणनेत जातींची सामाजिक उतरंड लावली गेली. मनूने धर्माच्या नावाने जे लिहिले, त्यावर रिस्लेने विज्ञानाचा शिक्का मारला.

मग बाबासाहेबांनी काय केले? 'मोजमाप हे इंग्रजांचे कारस्थान' म्हणून ते फेकून दिले का? नाही. 1948 च्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' या ग्रंथात त्यांनी घुर्ये यांनी मांडलेली नाकाच्या मापांची आकडेवारीच हाती घेतली. संयुक्त प्रांतातल्या ब्राह्मणाची मापे त्याच्याच प्रांतातल्या बहुतेक जातींपेक्षा पंजाबातल्या अस्पृश्य चुहड्याला अधिक जवळची निघत होती. बाबासाहेबांचा निष्कर्ष स्पष्ट होता. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, आणि ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. म्हणजे अस्पृश्यतेचे मूळ वंशात नाही. ते त्यांनी बौद्ध धम्म आणि ब्राह्मणी धर्म यांच्या संघर्षात शोधले. ज्या मापाने आपल्याला खाली ढकलले, त्याच मापाने त्यांनी तो दावा मोडून काढला.

आता जरा स्वतःकडे पाहू. आज आपल्याच काही सभांमध्ये डीएनएचे दाखले देऊन 'ते परकीय, आपण मूळनिवासी' असे ठासून सांगितले जाते. टाळ्या पडतात. पण हा रिस्लेचाच रस्ता आहे, फक्त उलट्या दिशेने. जात रक्तात आहे असे एकदा मान्य केले, तर ती मोडायची कशी? बाबासाहेबांच्या मते जात ही मानसिक अवस्था आहे, धर्मशास्त्रांवरच्या श्रद्धेतून ती टिकते. म्हणून तर तिचे निर्मूलन शक्य आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, कुणीही शरीराचे माप पुढे केले की तीन प्रश्न विचारा. कुणाला मोजले? कशासाठी मोजले? चूक किती होऊ शकते? बेवारस मृतदेहाला त्याच्या घरच्यांपर्यंत पोहोचवणारे माप माणसाच्या कामाचे आहे. जिवंत माणसाची पायरी ठरवणारे माप कितीही आकडे घेऊन आले, तरी ते मनुस्मृतीच आहे.

भगवान बुद्धांनी कालामांना हेच सांगितले होते. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. तपासा, मग स्वीकारा.

जय भीम! नमो बुद्धाय!